माईंचे हिवाळी बूट

ऑगस्ट लागला की माझे पाय आधीच दुखायला लागतात. अजून चालायला सुरुवातही झालेली नसते. पण ब्रिस्टलच्या आमच्या घरामागच्या कुंपणावर ब्लॅकबेऱ्या काळ्या होऊ लागल्या, लॅबमधल्या मुली रजेच्या गप्पा मारू लागल्या, आणि माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, जिन्याखालच्या कपाटातून तो रस्त्यांचा जाडजूड ॲटलास काढून सोफ्यावर ठेवला, की माझ्या पोटऱ्यांना कळतं. आता पाहुणे येणार आणि आता हेरफर्डशर.

हेरफर्डशर ही आमच्या घरची नेमाची वारी म्हणावी इतकी ठरलेली गोष्ट आहे. नात्यातले येतात, ओळखीचे येतात, ओळखीच्यांच्या ओळखीचे येतात. पूर्वी पुण्यामुंबईहून यायचे, अलीकडे ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कामावर आलेली नवी जोडपी येतात. "वहिनी, लंडन झालं, आता खरं इंग्लंड दाखवा," म्हणतात. खरं इंग्लंड म्हणजे काळ्या लाकडी पट्ट्यांची वाकडी पांढरी घरं, सफरचंदाच्या बागा, पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या गाई आणि तांबड्या दगडाचे पडके किल्ले. सगळ्यांना तोच रस्ता आणि तीच वळणं. इतक्या वर्षांत मला तिथला इतिहास काही पाठ झाला नाही. पण कुठल्या किल्ल्याला संडास जवळ आहे, कुठल्या टी-रूममध्ये चहा गरम आणि केक शिळा मिळतो, कुठल्या वळणावर मागच्या सीटवरच्या बाईला मळमळायला लागतं, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. दुसऱ्याला गंमत दाखवायची म्हणजे आपण हमाली करायची, हे मला या काउंटीने शिकवलं.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका लहानशा चर्चपाशी थांबतो. पुस्तकांत त्याचं नावही नाही. तिथे श्रीकांत आपला ठरलेला विनोद सांगतो. "इथे आमच्या आईचे बूट जुन्यापान्या वस्तूंच्या जंबल सेलमध्ये विकले गेले. देवळाबाहेर काढून ठेवावे तसे काढून ठेवले, आणि बाई बाहेर येईपर्यंत त्यावर किमतीची चिठ्ठी." पाहुणे खो खो हसतात. कुठे हसायचं हे पाठ असल्यामुळे मीही हसते. यंदा त्या विनोदाचं काही वेगळंच झालं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

तो ऑगस्ट आठवतो. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल, आमची मुलगी मानसी आठ वर्षांची होती. माझे सासरे जाऊन वर्ष झालं होतं आणि सासूबाई, माई, वाईहून आमच्याकडे आल्या होत्या. व्हिसा सहा महिन्यांचा होता, त्यातले निम्मे सरले होते. श्रीकांतच्या मनात होतं की त्यांनी आता कायमचं इथंच राहावं. एकुलता एक मुलगा, वडील गेलेले, आईने वाईला दोन खोल्यांत एकटीने राहायचं, हे त्याला सहन होत नव्हतं. अर्ज कसा करायचा, कुणाला भेटायचं, हे सगळं त्याने हॉस्पिटलातल्या मित्रांकडून काढून ठेवलं होतं. फक्त माईंना विचारायचं राहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग विचारायचं. पण आमच्याकडे असं समोरासमोर विचारत नाहीत. आई-मुलगा तर नाहीच. श्रीकांत भूल देणारा डॉक्टर, दिवसभर अनोळखी माणसांच्या उशाशी उभं राहून "कसं वाटतंय?" विचारायची सवय. घरच्या माणसाला विचारायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. त्याने वेगळाच उपाय काढला. आठवडाभराची रजा घेतली, एका शेतावरचं कॉटेज भाड्याने घेतलं, आणि आईला इंग्लंड असं दाखवायचं ठरवलं की तिने आपण होऊन म्हणावं, इथंच राहते. हेरफर्डशरच का निवडलं, तर तिथल्या नदीचं नाव वाय. आईचं गाव वाई म्हणून. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, पण आईच्या बाबतीत पोरच.

आणि निघायच्या आधी त्याने तिला बूट घेतले. हाफ-डे घेऊन तिला एकटीला दुकानात घेऊन गेला आणि खोका घेऊन परतला. आतून लोकर लावलेले, घोट्यापर्यंत येणारे तपकिरी हिवाळी बूट. बाहेर ऑगस्टचं ऊन होतं. "अरे, आत्ता कशाला?" मी म्हटलं. "आत्ता सेलमध्ये होते. हिवाळ्यात लागतील," तो म्हणाला. घरातल्या सगळ्यांना कळलं काय ते. माईंनाही कळलं. त्यांनी बूट उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "छान आहेत."

तो आठवडा आठवला की मला पहिल्यांदा आठवतो तो थकवा. मी त्या महिन्यात लॅबमध्ये जादा पाळ्या केल्या होत्या, रजा मिळावी म्हणून. निघायच्या आदल्या दिवशी तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, थर्मास, आणि श्रावण म्हणून माईंच्या सोमवारच्या उपासाचा साबुदाणा. कुकर घ्यायचा की नाही यावर आमचं वाजलं. घेतला. पहिल्याच सकाळी त्याची शिट्टी झाली तशी शेतकऱ्याचा कुत्रा पिसाळल्यासारखा भुंकत सुटला आणि शेतकऱ्याची बायको दाराशी येऊन विचारू लागली की सगळं ठीक आहे ना. मी तिला डाळ दाखवली. ती फार समंजसपणे मान हलवून गेली.

मग रोज तेच. सकाळी किल्ला, दुपारी दुसरा किल्ला, मध्ये एखादं चर्च किंवा कुणा सरदाराची हवेली. पाऊस आला की गाडी कुठेतरी कडेला लावायची, काचा धुक्याने भरलेल्या, मांडीवर डबे, मागे मानसी चिप्सची पिशवी कुरकुरवत बसलेली. किल्ल्यात शिरलो की श्रीकांत पुढून सांगत असे, "आई, थर्टीन्थ सेंच्युरीचा आहे हा. भिंतीची थिकनेस बघितलीस ना?" माई मागे वळून भिंतीकडे पाहायच्या. त्यांच्या पायांत ते बूट. उन्हात, चिखलात, दगडी जिन्यांवर, लोकरीचे बूट.

"कसा वाटला किल्ला?" प्रत्येक किल्ल्यावरून उतरताना श्रीकांत विचारायचा.

"छान आहे," माई म्हणायच्या.

तो किल्ल्याचं विचारत नव्हता आणि त्या किल्ल्याचं सांगत नव्हत्या. ते तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही पुढच्या किल्ल्याकडे निघत होतो. मला त्या दोन वाक्यांचा इतका कंटाळा आला की तिसऱ्या दिवशी मी बुरुजावर चढायचंच सोडलं. खाली गवतात बसून राहिले.

एकदा मात्र माई मोकळेपणी बोलल्या. गाडी थेट किल्ल्याच्या दारापर्यंत गेली तेव्हा. "चढ नाही, दम नाही, याला किल्ला म्हणायचं?" वाईच्या माणसाला पांडवगड दिसत असतो, त्यांचं खरंच होतं. मग त्यांनी वेढा किती दिवस पडला होता, आत पाणी कुठून यायचं, असे दोनचार प्रश्न विचारले आणि श्रीकांत इतका खूश झाला की माहितीचं पुस्तकच विकत घेतलं. वाय नदीवरही नेलं त्याने. काठावर उंच गवत, पलीकडे विलो, पाणी गुपचूप चाललेलं. "नदी छान आहे," माई म्हणाल्या. "घाट नाही. उतरायचं कुठून?"

कॅथीड्रलमध्ये जगाचा एक फार जुना नकाशा आहे, कातड्यावर काढलेला. माईंनी विचारलं, "यात आपण कुठे?" तिथल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाने हौसेने दाखवलं, हिंदुस्थान अगदी वर, स्वर्गाच्या शेजारी. "आणि हे त्यांचं इंग्लंड?" ते खाली, डावीकडच्या काठाला. "बाई गं, कोपऱ्यात टाकलंय की," माई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. त्या आठवड्यात त्या मनापासून तेवढ्याच हसल्या.

माझं काय, असं कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते. माई राहिल्या असत्या तर मला आवडलं असतं. त्या घरात असल्या की शाळेतून आलेल्या मानसीला कुणीतरी दार उघडायचं, संध्याकाळी मी लॅबमधून आले की भाताचा वास यायचा. आणि त्या राहिल्या नसत्या तर तेही मला आवडलं असतं. त्या दिवसभर खिडकीपाशी बसून असायच्या. पोस्टमन येऊन गेला की त्यांचा दिवस संपायचा. सकाळी कामाला निघताना मला त्या खिडकीकडे वळून पाहवत नसे.

शेवटून दुसऱ्या दिवशी आम्ही त्या लहान चर्चपाशी थांबलो. खरं तर रस्ता चुकलो होतो. मानसीने चर्चमध्ये यायला साफ नकार दिला. "बाबा, नॉट अनदर वन. मी थकली." श्रीकांत तिच्यापाशी थांबला आणि बॉनेटवर ॲटलास पसरून उरलेला किल्ला शोधू लागला. मी आणि माई आत गेलो.

दाराबाहेरच्या छपरीत चिखलाने माखलेल्या बुटांचे दोन जोड होते. डोंगर फिरणारे लोक येतात, फरशी खराब होऊ नये म्हणून बाहेर काढून ठेवतात. माईंनी ते पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघ, इथंही काढतात." आठवडाभर प्रत्येक चर्चच्या दारात त्यांचा हात सवयीने बुटाकडे जायचा आणि श्रीकांत म्हणायचा, "आई, इथं चालतं." आज त्या बाकावर बसल्या, बूट काढले, आणि पाय गार फरशीवर टेकवून जरा वेळ तशाच बसून राहिल्या. दोन्ही टाचा लाल झाल्या होत्या. मी पाहिलं, पण त्यांनी लगेच पाय साडीखाली घेतले.

आत एक म्हातारी बाई फुलं लावत होती. बादलीत डेलिया आणि ग्लॅडिओला, हातात कात्री. या आठवड्यात तिची पाळी आहे म्हणाली. गावातल्या बायका पाळीपाळीने फुलं करतात. मी माईंना सांगितलं. "आमच्या आळीत दत्ताच्या देवळाचं असंच," माई म्हणाल्या आणि न विचारता तिच्याशेजारी बसून डेलियांची खालची पानं खुडू लागल्या. बाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बादली मध्ये सरकवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि कामाला ती लागतही नव्हती. कापून पडलेली लहान फुलं माईंनी पर्समधल्या दोऱ्यात गुंफली. हातभर हार झाला. बाईने तो घेऊन कठड्याला बांधला आणि मागे सरून पाहिला.

मग ती बोलू लागली. तिचा मुलगा कॅनडात आहे. ये म्हणून सारखा मागे लागलाय. खोली तयार करून ठेवलीय त्याने, तिच्यासाठी.

मी माईंना सांगितलं. "मग ही का जात नाही, विचार," त्या म्हणाल्या.

मी विचारलं. बाई हसली. म्हणाली, फुलं कोण करणार? तशी कुणाच्या लक्षात यायची नाहीत म्हणा, पण मला चैन पडायचं नाही.

हे मी माईंना मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. आणखी एक डेलिया उचलून तिची पानं खुडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सुधा, तुमच्याकडे मला काही कमी नाही हं. तुम्ही सगळे मला सांभाळता. पण मला सांभाळायला इथं काही नाही."

"माई, तिथं तरी कोण आहे?" मी म्हटलं.

"कोणी नाही. तुळस आहे. देवळाच्या वाती आहेत. शेजारच्या शकूची मुलगी पाढे म्हणायला येते. फार काही नाही. पण सकाळी दिसले नाही तर कुणीतरी कडी वाजवतं."

मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. दोन्ही एकदम वाटलं आणि दोन्ही खरं होतं.

बाहेर आलो. छपरीत एक टेबल होतं, आत जाताना माझं लक्ष गेलं नव्हतं. जुनी भांडी, पुस्तकं, लोकरीचे स्वेटर, आणि पैसे टाकायला डबा. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी जंबल सेल. इथल्या प्रत्येक चर्चचं छप्पर गळतं. माई बाकावर बसल्या, त्यांनी पिशवीतून आपल्या वाईच्या चपला काढल्या. त्या त्यांनी आठवडाभर पिशवीत बाळगल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. चपला घातल्या, मग खाली वाकून बूट उचलले, पदराने त्यांची टोकं पुसली आणि दोन्ही हातांनी टेबलावर, स्वेटरांच्या शेजारी, नीट जोडीने ठेवले.

"तिला सांग, नवेच आहेत. आठवडाभर घातलेत. हिवाळ्यात कुणाला तरी होतील."

मी सांगितलं. बाईने बुटांकडे पाहिलं, मग माईंच्या पायांकडे. तिला कितपत कळलं कोण जाणे, पण तिने माईंचा हात हातात घेतला आणि जरा वेळ सोडला नाही.

गाडीपाशी पोचलो तेव्हा श्रीकांतचं बोट नकाशावर होतं. "आई, आणखी एक आहे, जवळच, नॉर्मन काळातला," असं म्हणत त्याने वर पाहिलं आणि त्याची नजर तिच्या पायांवर गेली. "आई, बूट?"

"राहिले तिथं. टेबलापाशी," माई म्हणाल्या.

"मी आणते," म्हणून मानसी पळाली. गेली तशीच धावत परत आली. "बाबा, ती बाई आजीचा बूट विकत आहे! टेबलवर! त्याच्यावर प्राइस लावली!"

चर्च तिथं समोर होतं. श्रीकांत जाऊन दोन शब्द बोलून बूट घेऊन येऊ शकला असता. तो गेला नाही. आईकडे पाहत उभा राहिला. माई त्याच्याकडे पाहत होत्या. मग तोच पहिल्यांदा हसला, जरा मोठ्यानेच. "विकू दे. त्यांचं छप्पर तरी होईल." मानसी हसली, मी हसले, माईही हसल्या. हाच तो विनोद.

शेवटचा किल्ला आम्ही पाहिला. उतरताना त्याने कसा वाटला ते विचारलं नाही. हिवाळा लागायच्या आत माई वाईला परत गेल्या.

त्यानंतर किती ऑगस्ट आले. मानसी कॉलेजात गेली, तिने एडिनबराचं विद्यापीठ निवडलं, आम्हा दोघांनाच पाहुण्यांचं करावं लागू लागलं. रस्त्यांना पर्यटकांसाठीच्या तपकिरी पाट्या लागल्या, टी-रूमचे भाव वाढले, केक शिळाच राहिला. विनोदाला चांगला घाट आला. श्रीकांत किंमत लावणाऱ्या बाईची नक्कल करायचा, किमतीच्या चिठ्ठीवर येऊन थांबायचा. मी काही बोलायची नाही. मला वाटायचं, आई चुकून बूट विसरली असं त्याला वाटतंय, आणि तसं वाटत असेल तर वाटू दे. माईंनी ते माझ्यासमोर केलं होतं, त्याच्यासमोर नाही. याचा मान मी ठेवला आणि मला त्याची रुखरुख नाही.

माई इथं पुन्हा आल्या नाहीत. आम्हीच दोन वर्षांआड जायचो. गेलो की श्रीकांत वाईच्या घराच्या गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसायचा आणि माई आत वाती वळत असायच्या. बोलणं बेताचंच.

यंदा मार्चमध्ये शकूचा फोन आला. सकाळी दिसल्या नाहीत म्हणून तिने कडी वाजवली होती.

श्रीकांत जाऊन आला. आल्यावर कामाला लागला. मला वाटलं, निदान या वर्षी तरी हेरफर्डशर टळेल. पण ब्रॅकनेलहून अमोल आणि केतकी येणार होती, दोघंही नवीन, उत्साही, "काका, आम्हाला तुमची ती टूर करायचीच आहे" म्हणून फोनवर फोन. ॲटलास सोफ्यावर आला. पाय दुखायला लागले. पुऱ्या तळल्या. पहिल्या किल्ल्यावर आम्ही दोघं खालीच गवतात बसलो आणि पोरांना वर पाठवलं. हे या वर्षी पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते चर्च. छपरीत टेबल नव्हतं. फुलं होती, पण करणारी बाई आता दुसरीच असणार. ती म्हातारी बरीच वर्षं दिसलेली नाही, कॅनडाला गेली की कुठे, विचारायचं धाडस मला झालं नाही. अमोल-केतकीला विनोद आधीच कुणाकडून तरी कळला होता. "काका, हेच का ते बुटांचं चर्च?" अमोलने विचारलं आणि दोघं हसायच्या तयारीने उभी राहिली.

"हो," श्रीकांत म्हणाला. "इथे आमच्या आईने बूट देऊन टाकले."

एवढंच. नक्कल नाही, चिठ्ठी नाही. पोरं जरा घोटाळली, मग काहीतरी कळल्यासारखं होऊन आत निघून गेली. श्रीकांत बाकावर बसला. त्याच बाकावर. वाकून त्याने बुटांच्या नाड्या सोडायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत त्याने तिथं बूट काढलेले मी पाहिले नव्हते. वाकताना त्याला आता त्रास होतो, मी एक नाडी सोडली.

"तिने काय सांगितलं तेव्हा?" त्याने विचारलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नवेच आहेत म्हणून सांग म्हणाल्या. कुणाला तरी होतील."

तो मान हलवत राहिला. मोज्यातले पाय फरशीवर टेकवले. गार असणार फरशी.

"ते चावत होते गं तिला," तो म्हणाला. "दुकानातच दिसलं होतं मला. पण ती छान आहेत म्हणाली."